युआन की रेनमिन्बी? आधी ठरवा, मोजताय की नाव घेताय

प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या एका कारखान्यात आयात विभागात नव्याने लागलेल्या तरुणाने चिनी पुरवठादाराला इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात रक्कम लिहिली, ‘फिफ्टी थाउजंड रेनमिन्बीज’. साहेबांनी त्यावर रेघ मारून ‘युआन्स’ केलं. बँकेतल्या बाईंनी ते दोन्ही बाजूला ठेवून ‘सीएनवाय’ लिहायला सांगितलं. आणि पुरवठादाराच्या कोटेशनवर छापलंय ‘आरएमबी’. चार माणसं, चार नावं. यातलं खरं नाव कोणतं, त्याचा अर्थ काय, आणि इंग्रजीत कुठे काय लिहायचं?

मी पुण्यात चिनी शिकले, काही वर्षं एका आयातदाराच्या कचेरीत कागदपत्रं सांभाळली, आणि त्यानंतरची बरीच वर्षं चिनी-इंग्रजी-मराठी असा व्यापारी अनुवाद करतेय. हा घोळ मी इतक्या वेळा निस्तरलाय की उत्तर तोंडपाठ आहे. चौघांपैकी पुरता चुकलेला कुणीच नाही. तुमचा आणि साहेबांचा शेवटचा ‘एस’ तेवढा जास्तीचा.

चलनाचं नाव वेगळं आणि ते मोजायच्या एककाचं नाव वेगळं, ही सगळ्या गोंधळाची मुळी आहे. आपल्याला हे चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे. ‘रुपया घसरला’ म्हणताना आपण चलनाचं नाव घेतो आणि ‘पन्नास रुपये दे’ म्हणताना मोजतो. इंग्रजांकडे मात्र शब्द दोन आहेत. चलन स्टर्लिंग, एकक पौंड. लंडनच्या दुकानात ‘दहा स्टर्लिंग’ असं कुणी म्हणत नाही, दहा पौंडच म्हणतात. पण बाजाराच्या बातमीत ‘स्टर्लिंग वधारलं’ हे अगदी रोजचं. चीनमध्ये तसंच आहे. चलन रेनमिन्बी, एकक युआन. त्यामुळे ‘पन्नास हजार रेनमिन्बी’ हे जवळपास ‘पन्नास हजार स्टर्लिंग’ म्हटल्यासारखं होतं. समजतं, पण कानाला खटकतं.

आता अर्थ. ‘रेनमिन’ म्हणजे जनता आणि ‘बी’ म्हणजे चलन, नाणं. मिळून जनतेचं चलन. हे नाव राजकारणातून आलंय हे सांगायला नकोच. १ डिसेंबर १९४८ रोजी, साम्यवादी आणि राष्ट्रवादी यांच्यातली यादवी अजून संपलेली नसताना, शिजियाझुआंग शहरात पीपल्स बँक ऑफ चायना स्थापन झाली आणि तिच्या नोटा निघाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडच्या राष्ट्रवादी सरकारने जुन्या तीस लाखांना एक या दराने ‘सुवर्ण युआन’ काढला होता आणि महागाईने तोही काही महिन्यांत मातीमोल झाला. लोकांचा नोटेवरचा विश्वास उडाला असताना नव्या साम्यवादी सत्तेने आपल्या नोटेला ‘जनतेची’ म्हणणं यात नवल काही नाही. मात्र मोजायचं एकक तिने बदललं नाही. ते युआनच राहिलं. या नव्या नोटाही सुरुवातीला भल्यामोठ्या आकड्यांच्या होत्या. १ मार्च १९५५ पासून जुने दहा हजार युआन म्हणजे नवा एक, असे पूज्य कापून हिशोब सरळ केला. आजचा युआन तिथून सुरू होतो.

‘बी’ हा तुकडा ओळखून ठेवला की पुढे फायदा होतो. हाँगकाँगच्या डॉलरला चिनी ‘कांगबी’ म्हणतात, तैवानच्या चलनाला ‘शिनताय्‌बी’, परकीय चलनाला ‘वाय्‌बी’. म्हणजे शेवटी ‘बी’ दिसला की तुम्ही नाव वाचताय, रक्कम नव्हे.

‘युआन’ची गोष्ट जास्त रंगतदार आहे. हा शब्द म्हणजे ‘वाटोळं’, गोल. ते वाटोळेपण नाण्याचं. चीनमध्ये मोठे व्यवहार वर्षानुवर्षं चांदी तोलून होत. चांदी वडीसारखी किंवा होडीच्या आकाराच्या ढेपेसारखी असे, आणि सराफ ती कापून, कसाला लावून घेई. सोळाव्या शतकापासून मेक्सिकोतली स्पॅनिश चांदीची नाणी मनिलामार्गे येऊ लागली. ती सगळी एका वजनाची, एका कसाची आणि गोल. लोक त्यांना चांदीचं वाटोळं म्हणू लागले आणि पुढे नुसतं वाटोळं. आपल्याकडे रूप्य म्हणजे चांदी, त्यावरून रुपया झाला. तिकडे धातू मागे पडला आणि आकार नावात उरला.

याच शब्दाला जपानी लोक ‘एन’ म्हणतात, ज्याचं इंग्रजीत ‘येन’ झालं. १८७१ साली जपानने तो आपलं अधिकृत एकक केला. इंग्रजीतला तो ‘य’ जुन्या परदेशी लेखनपद्धतीतून राहिलाय, जसं एदो शहराला त्या काळी ‘येडो’ लिहीत. कोरियाचा ‘वॉन’ही याच घरातला. येन, वॉन आणि युआन ही तीन चुलत भावंडं, आजोबा एकच, तो गोल चांदीचा तुकडा. आणि हे तिन्ही शब्द इंग्रजीत अनेकवचनात बदलत नाहीत, हे आत्ताच डोक्यात ठेवा.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १८८९-९० च्या सुमारास क्वांगतुंग प्रांताच्या टांकसाळीने यंत्रावर पाडलेली चांदीची मोठी नाणी काढली. एका बाजूला ड्रॅगन आणि त्याच्या भोवती इंग्रजी अक्षरं. त्यात लिहिलंय ‘सेव्हन मेस अँड टू कँडरीन्स’. हे वजन आहे, साधारण सत्तावीस ग्रॅम. यातला ‘मेस’ कुठून आला? इंग्रजीत तो मलय भाषेतल्या ‘मास’वरून आला आणि मलयमध्ये संस्कृत ‘माष’वरून. माष म्हणजे उडीद. म्हणजे आपल्या ‘तोळा-मासा’तला मासा! बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा, हे आपल्या आज्या सोनाराकडे मोजत. तोच मासा मलाक्क्यामार्गे फिरून इंग्रजी लिपीत चिनी नाण्यावर जाऊन बसला. चिनी माणूस स्वतः त्या वजनाला ‘छ्येन’ म्हणतो, आणि आज चिनीत ‘पैसा’ या अर्थाचा रोजचा शब्दही तोच आहे.

परत युआनकडे. एक चुकीची समजूत सतत कानावर येते की युआन हे नाव कुब्लाई खानाच्या युआन राजवंशावरून पडलं. नाही. गोंधळ होतो तो लिपीमुळे. ‘वाटोळं’ हे चित्राक्षर काढायला किचकट आहे, म्हणून रोजच्या लिखाणात त्याच्या जागी त्याच उच्चाराचं, चार फटकाऱ्यांत होणारं दुसरं अक्षर वापरतात. त्या सोप्या अक्षराचा अर्थ ‘आरंभ’, ‘पहिला’ असा आहे, आणि १२७१ साली कुब्लाई खानाने राजवंशाला घेतलं ते हे अक्षर. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर हे सोपं अक्षर असतं, तर नोटेवर मूळचं वाटोळं. नोटेवर आकडेही साध्या अक्षरांत नसतात. चेकवर आपण ‘रुपये पाचशे फक्त’ असं अक्षरी लिहितो ना, कुणी खाडाखोड करू नये म्हणून, तशी चिनीत आकड्यांची जाडजूड, फेरफार करायला अवघड अशी वेगळी अक्षरं आहेत. नोटेवर ती असतात.

त्यावर आणखी एक गंमत. १९१४ च्या चांदीच्या नाण्यावर अध्यक्ष युआन शिकाई यांचा मुखवटा आहे. लोक त्या नाण्याला ‘युआन तातोऊ’ म्हणत, म्हणजे ‘युआनचं भलंमोठं डोकं’. हा युआन आडनावातला, अक्षर तिसरंच. माझ्याकडे एकदा जुन्या नाण्यांच्या लिलावाचा मजकूर आला होता, त्यात आधीच्या अनुवादकाने याचं ‘एक युआनचं मोठं नाणं’ करून ठेवलं होतं. उच्चारावर विसंबून चिनी वाचलं की असं होतं.

आजची शंभराची नोट हातात घेऊन पाहा. वर बँकेचं नाव, मोठ्या अक्षरात किंमत. मागच्या बाजूला रोमन अक्षरांत पुन्हा बँकेचं नाव आणि ‘यीबाय युआन’, म्हणजे शंभर युआन. शिवाय मंगोल, तिबेटी, उइघुर आणि च्वांग या लिप्या-भाषांमधला मजकूर. ‘रेनमिन्बी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत तुम्हाला सापडायचा नाही. नोट ही मोजायची वस्तू, तिच्यावर एकक असणारच. इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवरही किंमत पौंडातच असते.

आपल्या नोटेशीही ताडून पाहा. भारतीय नोटेवर पंधरा भाषांची पट्टी असते. त्यात मराठीत ‘शंभर रुपये’ असतं, पण बंगालीत त्याच रकमेला ‘टाका’ लिहिलेलं असतं. एकच नोट, एकच किंमत, नाव दोन. आता कोलकात्याचं बंगाली बिल इंग्रजीत करताना कुणी ‘टाका’ लिहिलं तर वाचणारा बांगलादेशात पोहोचेल. नेमका हाच सापळा चिनीत आहे, आणि माझ्या मते तो अनेकवचनाच्या ‘एस’पेक्षा कितीतरी महाग पडतो.

कारण चिनी माणूस इतरही अनेक मोठ्या चलनांच्या एककाला ‘युआन’ म्हणतो. अमेरिकन डॉलर म्हणजे मेय्‌युआन, युरो म्हणजे ओऊयुआन, येन म्हणजे र्‍रयुआन. हाँगकाँगमध्ये हाँगकाँगचा डॉलर हा नुसता युआन, तैवानमध्ये तैवानचा डॉलर हाही नुसता युआन. तेव्हा हाँगकाँगच्या भाडेकरारात ‘दरमहा वीस हजार युआन’ असं अक्षर दिसलं तर इंग्रजीत ते वीस हजार हाँगकाँग डॉलर आहेत. तैवानच्या बाबतीत चूक लगेच उघडी पडते, कारण दोन किमतींत बरीच तफावत आहे. हाँगकाँगचं तसं नाही. तिथला डॉलर आणि चीनचा युआन यांची किंमत अलीकडच्या वर्षांत एकमेकांच्या इतकी जवळ आहे की आकडा पाहून कुणालाच शंका येत नाही. आठ-दहा टक्क्यांचा फरक गुपचूप निसटतो आणि वर्षअखेरीला हिशोबनीस डोकं धरून बसतो. कागद हातात आला की मी आधी पत्ता वाचते, मग रक्कम.

आता इंग्रजीतल्या वापराकडे येऊ, तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

रक्कम शब्दांत लिहायची तर ‘फिफ्टी थाउजंड युआन’. ‘एस’ नाही. मराठीत आपण ‘पन्नास हजार डॉलर’, ‘पन्नास हजार युआन’ असंच म्हणतो, ‘युआने’ करत नाही. इथे मराठीची सवय इंग्रजीतही चालते. साहेबांची चूक डॉलर्स, रुपीज, पाउंड्स या सवयीने झाली. इंग्रजीत येन, वॉन, युआन, थायलंडचा बात ही मंडळी न बदलणारी, तर डॉलर, रुपी, दिनार, पोलंडचा झ्लॉटी यांना ‘एस’ लागतो. यामागे फार तर्क शोधू नका. पोलिश भाषेत झ्लॉटीची अनेकवचनं दोन-दोन आहेत, इंग्रजीने त्यांच्याकडे ढुंकून न पाहता आपला ‘एस’ लावला. चिनी-जपानीत नामाला अनेकवचनच नाही, तिथे मात्र इंग्रजीने मान ठेवला. वापराने ठरलंय, एवढंच.

रक्कम ही एकत्र वस्तू धरून क्रियापद एकवचनी येतं: ‘फिफ्टी युआन इज इनफ’. नोटेविषयी बोलताना ‘अ टेन-युआन नोट’. आणि चलनांची नावं इंग्रजीत लहान अक्षराने सुरू होतात. युआन, रेनमिन्बी, रुपी, युरो, सगळी. वाक्याच्या मध्ये मोठा ‘वाय’ काढलेला मी रोज पाहते. करारातली गोष्ट निराळी. तिथे व्याख्येच्या कलमात ‘रेनमिन्बी’ किंवा ‘आरएमबी’ म्हणजे चीनच्या जनता-प्रजासत्ताकाचं वैध चलन असं एकदा सांगतात आणि पुढे तो शब्द मोठ्या अक्षराने चालवतात.

नाव घ्यायचं असेल तिथे दोन्ही चालतात. ‘द युआन फेल’ म्हणा किंवा ‘द रेनमिन्बी फेल’. इंग्रजी वृत्तसंस्था आणि बहुतेक वर्तमानपत्रं सरसकट युआन वापरतात, छोटा शब्द, मथळ्यात बसतो. आर्थिक संस्थांच्या अहवालांत रेनमिन्बीची चाल जास्त. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १ ऑक्टोबर २०१६ पासून आपल्या विशेष आहरण अधिकारांच्या, म्हणजे निधीच्या स्वतःच्या हिशोबी एककाच्या, टोपलीत हे पाचवं चलन घेतलं, तेव्हाच्या यादीत ‘चायनीज रेनमिन्बी’च लिहिलं. त्याच यादीत पाउंड स्टर्लिंग हे जोडनाव आहे आणि येन मात्र नुसता येन. जिथे दोन शब्द आहेत तिथे ते पाळले.

‘आरएमबी’ हे रेनमिन्बीच्या तीन तुकड्यांचं लघुरूप. १९८० नंतर चीनमध्ये परदेशी लोकांना साध्या नोटा देत नसत, परकीय चलनाच्या बदल्यात वेगळी प्रमाणपत्रं देत, आणि ती ठरावीक दुकानांत, हॉटेलांत चालत. १९९४ पासून ती पद्धत बंद झाली. त्या दीड दशकात परदेशी प्रवाशांच्या तोंडी एक जोडी बसली, ‘आपली’ प्रमाणपत्रं आणि ‘त्यांचं’ आरएमबी. व्यापारी इंग्रजीत आरएमबी तेव्हापासून असं रुळलंय की आज ‘आरएमबी ५०,०००’ लिहिलं तर कुणी हरकत घेत नाही. हे लघुरूप आकड्याच्या आधी चालतं, कारण ते चिन्हासारखं वापरतात. ‘फिफ्टी थाउजंड आरएमबी’ बोलताना लोक सर्रास म्हणतात, चिनी व्यापारी तर हमखास. मी ते बोलते, लिहीत नाही.

‘सीएनवाय’ हा आंतरराष्ट्रीय मानकातला तीन अक्षरी संकेत. पहिली दोन अक्षरं देशाची, तिसरं एककाचं. आयएनआर, जीबीपी, यूएसडी यांचीच रीत. मानकाच्या यादीत त्याच्यासमोर नाव आहे ‘युआन रेनमिन्बी’. म्हणजे त्यांनी वाद नको म्हणून दोन्ही घातलीत. बँकेच्या बाई संकेतावर अडून बसल्या ते बरोबरच आहे. बँका एकमेकींना पाठवतात त्या स्विफ्ट संदेशात चलनाच्या रकान्यात तीन अक्षरी मानक संकेतच जातो. तिथे आरएमबी घातलं तर संदेश पुढे जातच नाही.

यावरून माझ्या कचेरीच्या दिवसांतला एक प्रसंग. पतपत्रात, म्हणजे बँकेने पुरवठादाराला दिलेल्या पैशांच्या हमीत (एलसीत), रक्कम सीएनवायमध्ये होती आणि पुरवठादाराने इनव्हॉइस आरएमबीत पाठवलं. बँकेने विसंगती म्हणून शेरा मारला. इनव्हॉइसचं चलन पतपत्राच्या चलनाशी जुळलं पाहिजे, हा यूसीपी ६०० या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या १८व्या कलमातला नियम त्यांनी दाखवला. आम्ही म्हटलं, अहो, चलन एकच आहे, नाव फक्त दुसरं. त्यांनी मान हलवली आणि कागद परतच केले. आमचं म्हणणं शेवटी मान्य झालं, पण आठवडा गेला, आणि तोवर माल न्हावाशेव्याला पडून राहिल्याचं भाडं आम्ही भरलं. तेव्हापासून मी पुरवठादाराला पहिल्याच मेलमध्ये कळवते की बँकेत जाणाऱ्या प्रत्येक कागदावर सीएनवायच हवं. वाद जिंकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

चिनी कंपन्यांच्या इंग्रजी कागदांवर ‘आरएमबी युआन’, ‘सीएनवाय ५०० युआन’, क्वचित ‘आरएमबी सीएनवाय ५०० युआन’ असंही दिसतं. ‘पिवळं पीतांबर’ म्हटल्यासारखं हे. करारात शब्दांत रक्कम लिहिताना ‘रेनमिन्बी युआन’ ही जोडी प्रचारात आहे, तिला मी हात लावत नाही. बाकी ठिकाणी एकच ठेवते.

‘सीएनएच’ दिसलं तर? २०१० पासून हाँगकाँगमध्ये चीनच्या मुख्य भूमीबाहेरचा रेनमिन्बीचा बाजार सुरू झाला, त्याच्यासाठी व्यापाऱ्यांनी हा संकेत पाडून घेतला, ‘एच’ हाँगकाँगचा. नोट तीच, दर किंचित वेगळा, कारण मुख्य भूमीतल्या दरावर मध्यवर्ती बँकेची दोरी जास्त घट्ट आहे. मानकाच्या यादीत तो नाही. तुमच्या बँकेने दर सांगताना सीएनएच म्हटलं तर दचकू नका, पण इनव्हॉइसवर लिहूही नका. याच बाजारात हाँगकाँगला निघालेल्या रेनमिन्बी रोख्यांना इंग्रजीत ‘डिम सम बॉन्ड’ म्हणतात, तिथल्या न्याहारीच्या पदार्थावरून. आपल्या रुपयातल्या परदेशी रोख्यांना ‘मसाला बॉन्ड’ नाव पडलं ते त्याच चालीवर. खाण्याच्या पदार्थाशिवाय वित्तवाल्यांना नावं सुचत नाहीत की काय, कोण जाणे.

चिन्हाबद्दल सावध राहा. वाय अक्षरावर आडव्या रेघा मारलेलं चिन्ह येनचंही आहे आणि युआनचंही. रेघा एक की दोन यावरून काही ठरत नाही, दोन्ही देशांत दोन्ही प्रकार छापतात. एका युआनला सध्या साधारण वीस येन येतात, म्हणजे गफलत झाली तर वीसपटीची. भिवंडीच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने ओसाकाच्या दलालामार्फत आलेलं चिनी यंत्राचं कोटेशन येनमध्ये समजून भराभर होकार कळवला होता. यंत्र इतकं स्वस्त कसं, असा प्रश्न त्याला पडला, पण उत्तर विचारायची त्याला घाई नव्हती.

बोलीतले शब्द इंग्रजीत येत नाहीत, पण फोनवर ऐकाल म्हणून सांगते. दुकानात युआन कुणी म्हणत नाही, ‘ख्वाय’ म्हणतात. अर्थ ढेकूळ, तुकडा. ते चांदीच्या तुकड्याच्या काळातलं. युआनचा दहावा भाग कागदावर ‘जिआओ’, तोंडी ‘माव’. नोटेवर माओ त्से-तुंग आहेत म्हणून नव्हे बरं. शंभरावा भाग ‘फन’, तो आता व्यवहारात जवळजवळ दिसत नाही. ‘ख्वाय’चं इंग्रजी युआनच करायचं. मुंबईत कुणी ‘दोन पेटी’ म्हणालं तर करारात आपण दोन लाखच लिहितो.

उच्चाराचं बोलायचं तर इंग्रज ‘यू-आन’ असे दोन तुकडे पाडतात. चिनीत ते एकाच झटक्यात, साधारण ‘य्वेन’, स्वर खालून वर चढवत. येनच्या किती जवळ आहे बघा. ‘रेनमिन्बी’तला ‘बी’ रोमनमध्ये बी लिहितात, पण तो आपल्या ‘प’च्या जवळचा. चिनी रोमन लेखनात बी म्हणजे साधा ‘प’ आणि पी म्हणजे श्वास सोडून म्हटलेला ‘फ’. हा फरक आपल्याला नवा नाही, आपण ‘पळ’ आणि ‘फळ’ रोज वेगळं म्हणतो. मराठीत लिहिताना मात्र ‘युआन’ आणि ‘रेनमिन्बी’ हीच रूढ रूपं ठेवा. उगाच ‘य्वेन’ छापून वाचकाला कोड्यात घालू नका.

शेवटचा मुद्दा आकड्यांचा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय. चिनी माणूस दहा हजाराला ‘वान’ म्हणतो आणि त्याच्यावर थेट दहा कोटींना ‘ई’. मधलं सगळं वानमध्ये मोजतो. कारकिर्दीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका कंपनीच्या माहितीपत्रात उलाढाल होती ३.२ ई युआन. मी घाईत इंग्रजीत लिहिलं ‘३२ मिलियन’. खरं होतं ३२० मिलियन. चूक पकडली ती ग्राहकाच्या वयस्कर हिशोबनीसांनी, आणि त्यांना चिनीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी फोन करून विचारलं, “ताई, कारखान्यात माणसं दोन हजार आणि उलाढाल एवढीच? मग पगार कशातून देतात?” मी कागद पुन्हा उघडला आणि कपाळाला हात लावला.

तेव्हापासून मी मध्ये मराठी घालते. दहा वान म्हणजे एक लाख, हजार वान म्हणजे एक कोटी, एक ई म्हणजे दहा कोटी. आपलं लाख-कोटी चिनी मापाशी इतकं सरळ बसतं की आधी मराठीत आकडा म्हणायचा, ३.२ ई म्हणजे बत्तीस कोटी, आणि मग मिलियनमध्ये न्यायचा. थेट चिनीतून इंग्रजीत उडी मारली की पूज्य निसटतं.

तर तुमचे कागद. पुरवठादाराला जाणाऱ्या पत्रात ‘फिफ्टी थाउजंड युआन’ किंवा ‘आरएमबी ५०,०००’. बँकेचा अर्ज, पतपत्र आणि इनव्हॉइस या तिन्हींवर ‘सीएनवाय ५०,०००.००’, पुढेमागे दुसरं काही नाही. साहेबांच्या महिन्याच्या अहवालात दराविषयी वाक्य असेल तर ‘द युआन’ किंवा ‘द रेनमिन्बी’, पण एका अहवालात एकच. आणि पुरवठादाराच्या पुढच्या कोटेशनवर नुसतं रेघा मारलेलं वाय आलं, तर पैसे पाठवायच्या आधी त्याच्याकडून तीन अक्षरी संकेत लिहून मागवा.